पोर्तोत माणसं मोजून काय साधणार?

जुलै 2024मध्ये बार्सिलोनाच्या रस्त्यांवर निदर्शकांनी पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या आणि युरोपातल्या पर्यटनाचा वाद आपल्याकडेही येऊन पोचला. तेव्हापासून पोर्तुगालमधल्या पोर्तोचा विषय निघाला की दोन ठरलेली मतं ऐकू येतात. एक म्हणजे, तिथल्या लोकांना आपण नकोसे झालो आहोत, मग पदरचे पैसे घालून जायचं कशाला? दुसरं, आपल्या पैशावर त्यांचं शहर चालतं, तेव्हा त्यांनी कुरकुर करू नये. खुद्द पोर्तुगालमधली चर्चाही बरीचशी याच दोन टोकांत अडकली आहे. एक बाजू माणसं कमी करा म्हणते, दुसरी येऊ द्या म्हणते, आणि दोघीही फक्त डोकी मोजतात. पोर्तोच्या बाबतीत हे मोजमापच चुकीचं आहे. आलेला माणूस किती रात्री राहतो, कोणत्या छपराखाली झोपतो आणि नदीच्या वरच्या अंगाला किती आत जातो, या तीन गोष्टींवर त्याच्या येण्याने शहराचं भलं होतं की वाटोळं, ते ठरतं. या तिन्ही गोष्टी नियमांनी बदलता येतात. दोरो नदीच्या खोऱ्यात पैसा कुठे थांबायचा हे नियमांनीच ठरवल्याचा इतिहास अडीचशे वर्षांहून जुना आहे.

आधी जागा नीट समजून घ्यायला हवी, कारण निम्मा घोळ तिथेच आहे. पोर्तो दोरोच्या उत्तर काठावर आहे. ज्या वाइनमुळे त्याचं नाव जगभर गेलं, त्या पोर्ट वाइनची कोठारं दक्षिण काठावर, व्हिला नोव्हा द गाया या वेगळ्या नगरपालिकेत आहेत. आणि जिथे द्राक्षं पिकतात ते खोरं पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर, डोंगरांच्या आड आहे. लिस्बनहून एका दिवसासाठी आणलेला पर्यटक बसमध्ये जाऊन-येऊन सहा-सात तास घालवतो. पोर्तोत तो सांव बेंतु स्टेशनची निळ्या फरश्यांची भिंत बघतो, दों लुईश पुलावर फोटो काढतो, गायात दोन-तीन पेले चाखतो आणि पन्नास मिनिटांची ‘सहा पुलांची’ बोटफेरी करतो. ही बोट शहराला वळसा घालून परत येते. तिच्यावरून द्राक्षाचा एक वेलही दिसत नाही. गायाच्या धक्क्याला पिंपं लादून उभ्या असलेल्या ‘राबेलो’ होड्या त्याला वाइनच्या वाहतुकीच्या वाटतात. तसं आता काही उरलेलं नाही. रेल्वे आली, रस्ते झाले, नदीवर धरणं बांधली गेली आणि ही वाहतूक विसाव्या शतकातच संपली. वाइन आता टँकरने येते आणि होड्या कंपन्यांची नावं मिरवत उभ्या राहतात. एवढं सगळं नदीच्या शेवटच्या किलोमीटरभरात उरकतं, आणि ज्या गर्दीचा वाद चालला आहे ती गर्दीही त्याच किलोमीटरभरात आहे.

विरोध करणाऱ्या रहिवाशांचा सर्वांत बळकट मुद्दा घरांचा आहे आणि तो खरा आहे. आर्थिक संकटात युरोपीय संघ आणि नाणेनिधीकडून कर्ज घेताना पोर्तुगालने 2012मध्ये भाडेकायदा सैल केला. 2014मध्ये पर्यटकांना घर देण्यासाठीची नोंदणी सोपी झाली. जुन्या भाडेकरूला काढणं आणि त्याच जागी रात्रीच्या दराने माणसं ठेवणं, दोन्ही वाटा दोन वर्षांच्या आत मोकळ्या झाल्या. रिबेरा हा नदीकाठ आणि से या जुन्या वस्त्यांच्या अरुंद गल्ल्यांमध्ये याचा फटका कोणाला बसला असेल हे सांगायला नको. कमी भाड्यात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांना दुसऱ्या घराचं भाडं परवडणारं नव्हतं. खालचं किराणा दुकान गेलं की वरच्या मजल्यावरच्या आजीचं जगणं अवघड होतं, भले तिला कोणी घराबाहेर काढलेलं नसो. पर्यटनाच्या बाजूने बोलणारे याला ‘बाजाराचा नियम’ म्हणून मोकळे होतात. पण ते दोन कायद्यांचं फळ होतं, आणि कायदे माणसं करतात.

एवढं मान्य केल्यावर आकडे बघू. पोर्तो शहराची लोकसंख्या 1981मध्ये सुमारे 3 लाख 27 हजार होती. 2011मध्ये ती 2 लाख 37 हजारांवर आली होती. तीस वर्षांत जवळपास 90 हजार माणसं शहर सोडून गेली, आणि त्यातला बहुतेक काळ ना स्वस्त विमानसेवा होती ना मोबाइलवर घर भाड्याने देण्याची सोय. 2011 ते 2021 या पर्यटनाच्या भरभराटीच्या दशकात घट साधारण पाच-सहा हजारांची आहे. एकूण आकड्याच्या आड जुन्या वस्तीतली हकालपट्टी लपते, हा आक्षेप रास्त आहे. तरीही पोर्तो पर्यटकांनी रिकामं केलं, हे म्हणणं या आकड्यांपुढे टिकत नाही. मग आधीचे लोक का गेले? उत्तराची पाळंमुळं 1948मध्ये आहेत. त्या वर्षापासून लिस्बन आणि पोर्तोत घरभाडी गोठवली गेली. मुंबईकराला पुढचं वेगळं सांगावं लागू नये. 1947चा मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा, 1940च्या पातळीवर अडकलेली भाडी, दुरुस्तीला पैसे नाहीत म्हणणारा मालक, जागा सोडायला तयार नसलेला भाडेकरू, आणि दर पावसाळ्यात कोसळणाऱ्या चाळी. पोर्तोत तेच झालं. छपरं गळली, लाकडी तुळया कुजल्या, तरुण कुटुंबं उपनगरांत गेली. 1996मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला तेव्हाही ग्रॅनाइटच्या त्या देखण्या दर्शनी भिंतींमागे कित्येक घरं पोकळ होती. त्या तुळया बदलायला लागलेल्या पैशाचा मोठा हिस्सा पुढे पर्यटनातून आला. भाडेकरूला राखणाऱ्या कायद्याने घर राखलं नाही आणि घर राखणाऱ्या पैशाने भाडेकरू राखला नाही. या दोन्ही चुका समोर असताना आज पुन्हा ‘बंदी घाला’ किंवा ‘मोकळं सोडा’ एवढंच म्हणणाऱ्यांनी त्यांतून काय घेतलं?

हीच चूक कराच्या वादातही होते. पोर्तोने मार्च 2018पासून दर माणशी दर रात्री 2 युरो पर्यटक कर लावला आणि 2024च्या अखेरीस तो 3 युरो केला. सलग 7 रात्रींपर्यंतच तो आकारला जातो. गायाचा कर वेगळा. हा कर झोपणाऱ्यावर आहे. सकाळी बसने येऊन संध्याकाळी परत जाणारा काहीच देत नाही, मात्र धक्क्यावरची जागा, कचराकुंड्या, स्वच्छतागृहं आणि पुलावरचा पदपथ सर्वांत जास्त तोच वापरतो. चार रात्री राहून मेर्कादु दु बोल्याव मंडईत फळं घेणारं, गल्लीतल्या खानावळीत जेवणारं जोडपं 24 युरो भरतं. याला एक जोरदार उत्तर आहे. दिवसाचा पाहुणा कोणाचं घर अडवत नाही, रात्रीचा अडवतो. मग रात्रीवरच कर नको का? मुद्दा बिनतोड वाटतो. पण घर अडवतो तो फ्लॅटमध्ये राहणारा. हॉटेल म्हणूनच बांधलेल्या इमारतीत झोपणारा कोणाचं स्वयंपाकघर हिसकावत नाही. कर मात्र दोघांना सारखाच. फ्लॅटवर जास्त, हॉटेलवर कमी आणि दिवसाच्या बसवर स्वतंत्र, अशी आकारणी केली तर तोच कर लोकांचं वागणं बदलू शकेल. व्हेनिसने एप्रिल 2024मध्ये दिवसाच्या पाहुण्याला 5 युरो लावून बघितले आणि गर्दी फारशी हटली नाही, हे खरं आहे. पण जो साफसफाईचा खर्च वाढवतो त्याने त्यातला वाटा उचलावा, एवढ्यानेही असा कर योग्य ठरतो.

आता वाइनकडे, कारण पोर्तोच्या वादातला सर्वांत दुर्लक्षित माणूस पर्यटक नाही आणि रिबेराचा रहिवासीही नाही. तो खोऱ्यातला द्राक्ष बागायतदार आहे. 1703च्या मेथ्युएन तहाने पोर्तुगीज वाइनला इंग्लंडमध्ये फ्रेंच वाइनपेक्षा कमी जकात लागू झाली आणि पोर्तोतल्या इंग्रज व्यापाऱ्यांची चलती झाली. मागणी वाढली तशी भेसळ आली. रंगासाठी एल्डरबेरीचा रस घालण्यापर्यंत मजल गेली. मग भाव कोसळले आणि मार बसला तो डोंगरातल्या शेतकऱ्याला. 1756मध्ये पोर्तुगालचा सर्वेसर्वा मंत्री पोंबाल याने वाइन व्यापाराची कंपनी स्थापून खोऱ्याची हद्द आखली, ग्रॅनाइटचे खांब रोवले आणि एल्डरबेरीची झाडं उपटायला लावली. (1774मध्ये गोव्यातल्या इन्क्विझिशनला पहिला लगाम घातला तो याच पोंबालने, म्हणून हे नाव गोव्यात तरी परकं नाही.) वाइनसाठी इतकी काटेकोर, सरकारी देखरेखीची हद्द जगात पहिल्या काहींपैकी. पण त्याच कंपनीला शहरातल्या किरकोळ विक्रीचा मक्ता मिळाला आणि पुढच्याच वर्षी, 1757मध्ये, पोर्तोतले गुत्तेवाले आणि गरीब लोक रस्त्यावर उतरले. उठाव चिरडला गेला, वीसहून अधिक जणांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. खोऱ्यातल्या द्राक्षाला भाव मिळवून देणारा नियम शहरातल्या छोट्या विक्रेत्याच्या मुळावर आला. आज पर्यटकांना घर देण्याची नवीन नोंदणी सरसकट बंद करा म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर बघावं. सरसकट बंदीत आधीच नोंदणी असलेला, पाच-पन्नास फ्लॅट हाती असलेला सुरक्षित राहतो. आपली एक खोली भाड्याने देऊन पेन्शनला जोड देऊ पाहणारी विधवा बाहेर पडते.

दुसरा दाखला आपल्या प्रश्नाच्या आणखी जवळ जाणारा आहे. 1926मध्ये कायदा झाला की निर्यातीची पोर्ट वाइन गायातल्या ठरावीक आवारातच मुरली पाहिजे आणि तिथूनच रवाना झाली पाहिजे. कारण खोटं नव्हतं. खोऱ्यात उन्हाळ्यात पारा 40 अंशांपार जातो, तर गाया समुद्राजवळ, थंड आणि दमट आहे; पिंपातली वाइन तिथे सावकाश मुरते. शिवाय एका आवारात देखरेख सोपी जाते. पण परिणाम असा झाला की गायात कोठार घेण्याची ऐपत नसलेल्या बागायतदाराला स्वतःच्या नावाने वाइन परदेशी पाठवताच येईना. त्याने द्राक्षं किंवा कच्ची वाइन मोठ्या कंपनीला घालायची, एवढाच मार्ग उरला. 1986मध्ये हे बंधन उठलं. मग खोऱ्यातल्या छोट्या-मोठ्या किंता, म्हणजे बागायतदारांच्या वाड्या, स्वतः बाटल्या भरू लागल्या आणि पाहुण्यांना दारं उघडू लागल्या. साठ वर्षं एका कायद्याने नदीचा सगळा पैसा तिच्या मुखाशी अडवला होता आणि दुसऱ्याने तो वरपर्यंत वाहू दिला. आजचं एकदिवसीय पर्यटन कुठल्याही कायद्याशिवाय 1926ची स्थिती परत आणतं आहे.

याची झळ किती आहे? खोऱ्यातल्या द्राक्षांपैकी दरवर्षी किती पिंपं पोर्ट करायची, याचा कोटा ठरतो. 2023मध्ये तो 1 लाख 4 हजार पिंपांचा होता, 2024मध्ये 90 हजार आणि 2025मध्ये 75 हजार. पोर्टचा जागतिक खप अनेक वर्षं उतरतो आहे, कोठारांत साठा पडून आहे. कोट्याबाहेरचं द्राक्ष साध्या वाइनला जातं आणि त्याचा भाव बऱ्याचदा काढणीची मजुरीही भरून काढत नाही, म्हणून शेतकरी रस्त्यावर आले. त्यांची एक मागणी समजून घेण्यासारखी आहे. पोर्ट करताना द्राक्षरस दोन-तीन दिवस आंबू देतात आणि निम्मी साखर शिल्लक असतानाच त्यात 77 टक्के तीव्रतेचं द्राक्षाचं मद्यार्क ओततात. 550 लिटरच्या एका पिंपात साधारण 435 लिटर रस आणि 115 लिटर मद्यार्क असतं. त्याने यीस्ट मरतं, साखर टिकते, आणि तीव्रता 20 टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. हे मद्यार्क मोठ्या प्रमाणात खोऱ्याबाहेरून, परदेशांतूनही येतं. ते आमच्याच पडून राहिलेल्या द्राक्षांपासून करा, असं शेतकरी म्हणतात. महाग पडेल, असं कंपन्या म्हणतात आणि खपाच्या घसरणीत त्यांची काळजीही पोकळ नाही. मात्र एका पेल्यातला पाचवा हिस्सा कुठून येतो हे गायात टेस्टिंगला बसलेल्या पाहुण्याला माहीत असावं, एवढं मागणं जास्त होतं का?

‘गायात जाऊच नका’ असं यातून निघत नाही. टॉनी आणि रुबी हे पोर्टचे दोन प्रकार. टॉनीची मजा त्या कोठारांच्या अंधाऱ्या गारव्यातच कळते. रुबी मोठ्या लाकडी टाक्यांत ठेवतात म्हणून फळाचा रंग-वास टिकतो. टॉनी 550 लिटरच्या पिंपात वर्षानुवर्षं हवा खात तांबूस होते. शेजारी ठेवून चाखली तर हा फरक पहिल्याच घोटात समजतो. व्हाइट, मग रुबी, मग टॉनी, हा क्रम. एका दिवशी एकच कोठार. लिटरमागे सुमारे 100 ग्रॅम साखर आणि 20 टक्के मद्यार्क असलेल्या वाइनचे तीन पेले झाले की जिभेला पुढचं वेगळं लागत नाही. तीन कोठारं एका दुपारी करणाऱ्यांचे तिसऱ्या ठिकाणचे पैसे फुकट जातात. मार्गदर्शित फेरी आधी आरक्षित करावी. जाताना पुलाच्या वरच्या मजल्यावरून, मेट्रोच्या कडेने, जार्दीं दु मोरुपर्यंत चालावं आणि कोठारांकडे उतरावं. परतताना खालचा मजला धरावा. उलट केलं तर भर दुपारी पोट भरलेलं असताना तीव्र चढ लागतो. बाटली घेणार असाल तर एवढं लक्षात ठेवा की व्हिंटेज, म्हणजे एकाच वर्षीच्या द्राक्षांची पोर्ट, उघडल्यावर एक-दोन दिवसांत संपवावी लागते, टॉनी फ्रिजमध्ये काही आठवडे टिकते. दोघांच्या घरात व्हिंटेज नेऊन ती उतरू देणं हे महागातलं वाया घालवणं आहे.

घराचं काय? फ्लॅट घ्यायचाच असेल तर जाहिरातीत ‘एएल’, म्हणजे पर्यटकांना घर देण्यासाठीचा नोंदणी क्रमांक आहे का ते बघावं. तो नसलेली जागा घेऊ नये. ज्या इमारतीत मालक स्वतः राहतो तिथली खोली किंवा सरळ हॉटेल बरं. बोआव्हिस्ता किंवा बोन्फीं या भागांत राहून रिबेरात चालत किंवा मेट्रोने येता येतं, आणि फरसबंदी उतारावरून चाकांची बॅग ओढण्याचा सगळ्यांनाच होणारा त्रासही टळतो.

आणि चारपैकी एक-दोन रात्री खोऱ्यात काढाव्यात. पोर्तोतल्या सांव बेंतु किंवा कांपान्यां स्टेशनहून सुटणारी गाडी अडीच तासांच्या आसपास खोऱ्यातल्या पिन्यांव गावाला पोचते. पहिला तासभर नदी दिसत नाही आणि बरेच जण इथेच कंटाळून मोबाइलमध्ये शिरतात. मग रूळ एकदम पाण्यालगत येतात. जाताना उजव्या हाताची खिडकी धरावी. पिन्यांवच्याही पुढे गेलात तर तुआ स्टेशननंतर गाडी पूल ओलांडून दक्षिण काठाला जाते, तेव्हा नदी डावीकडे येते. गाडी सुटण्याआधी वीसेक मिनिटं फलाटावर असावं, नाहीतर सप्टेंबरात उभ्याने प्रवास घडतो. पिन्यांव स्टेशनच्या भिंतींवरच्या फरश्यांवर काढणीची, पाट्या वाहणाऱ्या माणसांची चित्रं आहेत. स्टेशनाबाहेर पडून वर बघितलं की तेच उतार समोर असतात. ‘शिस्ट’ नावाच्या दगडाचे पापुद्रे फोडून केलेल्या त्या पायऱ्या. कित्येक ठिकाणी नुसत्या कोरड्या दगडी बांधांमध्ये झाडोरा माजलेला दिसतो. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा किडीने बागा मेल्या, तेव्हापासून ती जमीन पुन्हा लावलीच गेली नाही. गावात टॅक्सी कमी, म्हणून किंता ठरवताना चालत जाण्याजोगी आहे का ते आधी विचारावं आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ पोचल्याबरोबर बघून ठेवावी. शाकाहारी माणसाने पोर्तोतच फळं, चीज, पाव बरोबर घ्यावा. काल्दु व्हेर्द हे केलच्या पानांचं सूप दिसायला शाकाहारी असलं तरी त्यात बहुधा सॉसेजची चकती असते.

यावर शेवटचा आणि मला सर्वांत गंभीर वाटणारा आक्षेप असा की रिबेराची गर्दी उचलून खोऱ्यात टाकली तर खोऱ्याचंही तेच होईल. पिन्यांव हे काही शे वस्तीचं गाव आहे आणि नदीवरून येणाऱ्या मोठ्या क्रूझ बोटी तिथे एका वेळी शेकडो माणसं उतरवतात. ही भीती निराधार नाही. पण खोऱ्याने तिचं उत्तरही देऊन ठेवलं आहे. वरच्या अंगाला फोश कोआ हे गाव आहे. तिथे कोआ नदीवर धरण बांधायला घेतलं असताना हजारो वर्षांपूर्वीची कोरीव चित्रं खडकांवर सापडली. विद्यार्थी आणि पुरातत्त्वज्ञांनी रान उठवलं आणि 1990च्या दशकाच्या मध्यात अर्धवट बांधलेलं धरण सरकारने सोडून दिलं. 1998मध्ये ती चित्रं जागतिक वारसा झाली. तिथे आजही वाटेल तेव्हा, वाटेल तितक्यांनी जाता येत नाही. आरक्षण करायचं, ठरलेल्या वेळी गाईडबरोबर जीपने जायचं. जीपमध्ये जागा असेल तेवढीच माणसं खडकांपर्यंत जातात. कोणीही ‘पर्यटक परत जा’ असं भिंतीवर लिहिलं नाही आणि दारही सताड उघडं ठेवलं नाही. त्या जागेला झेपेल तेवढा आकडा ठरवला. क्रूझच्या धक्क्याला, रिबेराच्या बस थांब्याला हाच न्याय लावायला काय हरकत आहे?

त्यासाठी पैसा लागेल आणि तो आहे. पोर्तोचा पर्यटक कर पोर्तो नगरपालिकेकडे राहतो, गायाचा गायाकडे. ज्यांच्या द्राक्षांच्या जिवावर दोन्ही शहरं हा कर गोळा करतात, त्या खोऱ्यातल्या पालिकांना त्यातलं काहीच मिळत नाही. त्यातला ठरावीक हिस्सा दोरोच्या रेल्वेला मिळाला पाहिजे. ही लाइन 1887मध्ये स्पेनच्या सीमेवरच्या बार्का द’आल्व्हापर्यंत पोचली होती. 1988मध्ये पोसिन्युच्या पुढचा सुमारे 28 किलोमीटरचा तुकडा बंद झाला आणि आज गाडी पोसिन्युला संपते. पुढचे रूळ झाडोऱ्यात गेले आहेत. तो तुकडा पुन्हा सुरू करण्याची आश्वासनं मात्र एकामागून एक सरकारं देत आली आहेत.